पिशव्या सांभाळणारा

हेलसिंकीहून सकाळची बोट, संध्याकाळी परत.
टॅलिनला एवढाच दिवस दिला आम्ही.
तुइरेकडे यादी. वेइक्कोकडे दुखरा गुडघा.
चर्चच्या मनोऱ्याचा जिना बघून म्हणाला,
"या तुम्ही जाऊन. पिशव्या द्या इकडे."

वर वारा कान कापत होता.
लाल कौलं, समुद्र, आगपेटीएवढी आमची बोट;
फोटो काढले, त्यांत आम्हीच जास्त.

खाली
पिशव्यांच्या ढिगात वेइक्को, शेजारी एक म्हातारी,
मध्ये कागदावर काळा पाव, धुरावलेले मासे.
तिची भाषा आमच्या कानांना
भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखी,
कळते, कळत नाही.

परतीला तुइरेने यादीवर शेवटची खूण केली.
वेइक्को बोटं हुंगत बसला होता.

"हेल्यूचा कुत्रा खातो आता,"
तो म्हणाला,
आमच्यापैकी कुणालाच नाही.