दोन फुटांचं पाणी

इनासच्या दुकानात शिरताच वल्लभने बोट दाखवलं
ते नेमकं ऑस्करकडे.
काळ्या अंगावर निखारे फुललेला,
काचेपलीकडून आपल्यालाच जोखणारा.
"हा वर्षभरात फूटभर होतो," इनास म्हणाला,
"शेजाऱ्यांना गिळतो,
मग त्याला स्वतःलाच वळायला जागा उरत नाही.
टाकी केवढी तुमची?"
मी दोन्ही हातांनी दाखवली.
दोन फूट.
खडी घातल्यावर पन्नास लिटरसुद्धा नाही.

वल्लभ गप्प.
एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिन रूममध्ये काढलेला माणूस,
त्याला कोणी पाणी असं लिटरमध्ये विचारलं नव्हतं.

गोल्डफिश नको.
दिसतो गुटगुटीत, पण खातो फार
आणि घाण त्याहून फार.
टायगर बार्ब दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो.
(आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी, मी म्हटलं.
इनास हसला, वल्लभ नाही.)
नियॉनला आठ-दहांचा कळप हवा,
आणि वास्कोचा मे त्याला सोसत नाही.
गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्या,
नाहीतर दिवाळीपर्यंत शेजारपाजारी वाटत फिराल.
फायटर मात्र एकट्याचा.
आरशात दिसला तरी गलफडं फुगवून भांडतो.
त्याच्या बाटलीपुढे
वल्लभ जरा जास्तच वेळ उभा राहिला.

खरं सांगायचं तर
टाकीची कल्पना माझीच.
सुट्टीवर यायचा तेव्हा तो पाहुणा होता,
तीन महिने लाड, मग दाबोळीवर टाटा.
आता कायमचा आला.
पहिल्या आठवड्यात त्याने माझे डबे
उंचीप्रमाणे लावले.
दुसऱ्या आठवड्यात मी ते हाताला येतील तसे लावले.
तिसऱ्यात आम्ही दोघांनीही
डब्यांविषयी बोलायचं टाळलं.
रात्री तो गॅलरीत.
मांगोर हिलवरून खाली नांगरलेल्या बोटींचे दिवे मोजायचा.
झोप का येत नाही, विचारलं तर म्हणाला,
"घर फार गप्प आहे गं."

"पाणी नळाचं ना?" इनास विचारत होता,
"मग रात्रभर बादलीत उघडं ठेवा.
आणि मासे आज नेऊ नका.
टाकी भरा, झाडं लावा, फिल्टर सुरू करा,
चार आठवडे तशीच चालू द्या.
नव्या पाण्याला मासा सोसायला
वेळ लागतो."
गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार
मी पहिल्यांदाच बघत होते.

तर महिनाभर आमच्या हॉलमध्ये
एक रिकामी टाकी.
येणारा प्रत्येकजण वाकून बघायचा,
"मासे कुठायत?"
वल्लभ सांगायचा, "यायचेत."
पहिल्याच रात्री मी तीनला उठले
तर त्याची बाजू रिकामी.
गॅलरीतही नाही.
हॉलमध्ये, टाकीशेजारच्या खुर्चीत,
मान कलती, तोंड उघडं, घोरत होता.
आणि फिल्टर आपला
बारीक घुरघुरत होता,
फार खोल कुठेतरी इंजिन चालू असावं तसा.
मी चादर आणून घातली.
थोडा वेळ मीही ऐकत बसले.

शेवटी आणले ते पिकू.
काणसावलीच्या शेतातल्या पाटातले,
इनासच्या भाच्याने ओंजळीने धरलेले,
एक नर, दोन माद्या.
मी म्हटलं, हे तर आपल्याकडचेच,
याला पैसे कसले?
इनास म्हणाला, "टॉर्च मारा."
कपाळावर एकेक पांढरा ठिपका
लखकन पेटला.

पिकू फारसा हिंडत नाही.
पाण्याच्या अगदी वरच्या थरात
पानाआड स्तब्ध राहतो,
कशाची वाट बघतोय कळू न देता.
"पण झाकण विसरू नका,"
पिशवीची गाठ मारताना इनासने दोनदा सांगितलं,
"हा उडी मारतो."

झाकण मी लावते.
झोपण्यापूर्वी वल्लभ ते एकदा चाचपतो,
दिवे मोजून येताना.
आणि रविवारी तो बांगडे आणतो, नेहमीसारखे.
मी ते साफ करते
टाकीकडे पाठ करून.