डावा हात वर

चार वर्षं मी एकाच जागी वल्हवत होते.
कर्वेनगरात, मिठाईच्या दुकानावरच्या जिममध्ये,
आरशाकडे तोंड करून.
साखळी ओढायची, पाय ताणायचे,
चक्रातून वारा सुटायचा घर्रर्र,
खालून तळणाचा वास.
दोन हजार मीटर : आठ मिनिटं एकेचाळीस.
वहीत तारखेपुढे मांडलेत सगळे आकडे,
पतपेढीत काम करते, सवय आहे.
बेरीज केली तर कन्याकुमारीच्या पुढे
समुद्रात कुठेतरी आहे मी.

पौषात एका सकाळी संगमाजवळच्या धक्क्यावर
रामलिंग ढोबळे, खडकीच्या पलटणीतले निवृत्त सुभेदार,
यांनी माझी वही पाहिली.
पानं उलटली. परत दिली.
म्हणाले, "ही कोरडी ठेवा."

बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेली शेवग्याची शेंग.
आत बसून नुसता श्वास घेतला
तरी ती विचारणार, कुठल्या बाजूनं घेतला?
जिममध्ये एकच दांडा,
दोन्ही हात त्याच्यावर गुण्यागोविंदानं नांदत.
इथे वल्ही दोन, मुठी एकमेकींवरून जाणाऱ्या,
डावा हात वर, उजवा खाली,
आणि पहिल्याच खेपेला डाव्याच्या नखांनी
उजव्याचं सालटं काढलं.

मी ओढलं.
आठ मिनिटं एकेचाळीसच्या जोरावर ओढलं.
पाण्यानं वल्हं आतल्या आत धरलं,
सोडेना,
दांडा पोटात, आभाळ कुशीवर,
मग मुठा नाकातोंडात
आणि जलपर्णीची एक मुळी दातांत.
धक्क्यावरून सुभेदार, शांतपणे :
"ह्याला खेकडा म्हणतात. पहिला.
मोजायचंच असेल तर हे मोजा."

धनुर्वाताचं इंजेक्शन देताना
डॉक्टर साबडे म्हणाल्या, "मुठेत? मुद्दाम?"

दुसऱ्या आठवड्यात ओढायलाच बंदी.
बोट शेळीसारखी धक्क्याला बांधून
सुभेदारांनी सांगितलं, नुसतं मनगट.
पातं उभं. आडवं. उभं. आडवं.
"पोळी उलटताना वळवता ना, तेवढंच."
"पोळ्या आमच्याकडे हे करतात."
"मग त्यांना पाठवा."

पुलावरून मेट्रो जायची, रिकामी, दिवे लावून.
खांबावर पाणकावळा पंख वाळत घालून बसलेला,
त्यानं माझे सहावा ते अकरावा खेकडा पाहिले.
जायचं तिकडे पाठ असते या खेळात.
समोर असतो तो सुटत चाललेला काठ :
सुभेदारांची माकडटोपी, मुठीएवढी, मग लिंबाएवढी,
आणि त्याहून लहान होईपर्यंत
कधी टिकलेच नव्हते.

मग एका मंगळवारी,
काही वेगळं केलं नव्हतं, ऑडिट चालू होतं,
रात्री धड झोपही नव्हती,
ओढलं नाही, नुसते पाय लांब केले,
पाती पाण्यातून निघाली काही न सांडता
आणि बोटीच्या पोटाखालून बुडबुड्यांची रांग गेली.
माठ भरत आला की येतो तसा आवाज.
हा जिममध्ये नव्हता.
दोन वल्ह्यांइतका टिकला. तीन म्हणू.
तिसऱ्याला मी खूश झाले
आणि तोल गेला.

धक्क्याला लागल्यावर, ओलीचिंब, विचारलं,
"किती झालं?"
"कशाचं?" म्हणाले सुभेदार,
आणि बोट पालथी घालून पुसायला लागले.

खडकवासल्यातून पाणी सोडतात तेव्हा
अजून जिमला जाते.
साखळी ओढते. आकडे पळतात, पळू देते.
प्रत्येक ओढीच्या शेवटी मनगट आपसूक वळतं,
त्या दांड्याला पातं नाही,
वळवण्यासारखं तिथे काहीच नाही.
शेजारच्या मशिनवरचा मुलगा
कानातलं काढून विचारतो,
"काकू, हाताला काही झालंय का?"