खोटी सुई

लानचौच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच :
दुखणं विचारायचं, आकडा लिहायचा.
शून्य म्हणजे काही नाही. दहा म्हणजे सोसवत नाही.
मधल्या घरांत माणसं चाचपडतात
वीज गेल्यावर जिन्याची पायरी शोधावी तशी.

मू छंगलू नूडल्स ओढतो, चाळीस वर्षं.
पहाटे तीनला कणकेचा एक गोळा
हात फाकवत, दुमडत, पुन्हा फाकवत
दोनशे छप्पन्न तारांचा करतो.
आता उजवा हात कानाच्या वर जात नाही.
इकडे याला पन्नाशीचा खांदा म्हणतात,
वर्गणी मागायला यावा तसा
ठरल्या वर्षी दारात हजर.

मी विचारलं, किती?
तो म्हणाला, आंबट.
आंबट लिहिता येत नाही हो.
मग म्हणाला, आत कोणीतरी ओला दोर पिळतंय.
मी सात लिहिलं.

गट तीन. चिठ्ठ्या पाकिटांत बंद.
एकाला खरी सुई.
एकाला खोटी : टोक बोथट,
कातडीला टेकली की मुठीत मागे सरते,
नाटकातल्या खंजिरासारखी.
उरलेले च्यू मास्तरांच्या हाताखाली.

च्यू वनशान जन्मापासून आंधळे.
प्रयोग दुहेरी अंध हवा, असं बैठकीत निघालं
तेव्हा कोपऱ्यातून हसले :
एक मी आहेच. दुसरा तुम्ही शोधा.
ते आकडा विचारत नाहीत.
अंगठा पाठीवरून चालत जातो,
थांबतो, जरा मागे येतो.
हं, इथे लपलाय, म्हणतात,
जसं पोर कपाटात सापडावं.

आठ आठवडे. पीत नदीवरून धुळीचा वारा,
खिडकीच्या फटीत ओलं फडकं.
मूचा आकडा उतरत गेला :
सात, सहा, सहा, चार.
शेवटच्या दिवशी त्यानं सगळ्यात वरच्या खुंटीवरची टोपी
स्वतः काढली,
आणि सुईवाल्या क्वांग डॉक्टरांसाठी
डबाभर रस्सा ठेवून गेला.

पाकिटं फुटली. मूच्या पाकिटात खोटी सुई.
सांगायला मला धाडलं.

दुकानात पीठ उडत होतं.
ती आत गेलीच नव्हती, मी म्हटलं, एकदाही.
त्याच्या दोन हातांमधली कणीक
झोळीसारखी खाली लोंबली.
मग आठ आठवडे मी तिथं काय केलं?
सोळा वेळा अर्धा-अर्धा तास
दुकान बंद ठेवून उबदार खाटेवर पडलास,
कोणीतरी खांद्यावर बोटं ठेवून विचारलं, झोप लागते का?
हे मी बोलले नाही.
म्हटलं, त्याची नोंद नाही.

नियमाप्रमाणे मग खरी सुई फुकट.
आला. टोचताच ओरडला, बधिर, जड, आंबट!
आठवड्यानं मी विचारलं, किती?
चार.
त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं :
ही तरी खरी ना?

अहवालात खऱ्या-खोट्यातली फट
नखाएवढी निघाली.
च्यू मास्तरांचा गट अर्ध्या अंकानं पुढे,
पण तो अर्धा नशिबानंही पडला असेल,
असं खालच्या टिपेत.
मी त्यांना वाचून दाखवलं.
ते म्हणाले, अर्धा म्हणजे केवढा?

मला हातानं दाखवता येईना,
दाखवूनही त्यांना दिसलं नसतं.
त्यांनीच माझं मनगट ओढून घेतलं,
तीन हजार आकडे लिहून सुजलेलं,
आणि अंगठ्याच्या मुळाशी एक खळगा दाबला
जो तिथे आहे हे मला माहीत नव्हतं.

किती? त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच.

थांबा जरा, मी म्हटलं,
हात काढू नका इतक्यात.