वाजवून घेताना

खानापुरात, कौलांच्या वखारीवर दोन खोल्या,
भिंतींना अंड्यांचे ट्रे डकवलेले,
आणि एक खुर्ची, जिचं डावं चाक
कुठल्याही बातमीच्या आधी कुरकुरतं.
एवढंच आमचं रेडिओ केंद्र.

नवी आलेली शिवलीला म्हणते,
"लुमाण्णा, पडद्यावर बघ की, केवढ्या लाटा!"
आणि गप्प होते.
मी म्हणतो, सांग की, कशा आहेत?
"डोंगरासारख्या."
मलप्रभेच्या काठी चाळीस वर्षं काढली,
लाटा डोंगरासारख्या असतात
हे आज कळलं.

बेळगावच्या दुकानदारानं चार सॉफ्टवेअरं दिलीत,
आठ दिवस वापरा, मग पैसे.
पहिलं सगळ्यात महाग.
टॅब दाबला, "बटन."
टॅब. "बटन."
टॅब. "बटन."
सतरा बटनं, एकालाही नाव नाही.
परक्या लग्नात हात जोडत हिंडावं
आणि कुणीच म्हणू नये मी अमक्याचा अमका, तसं.
दुसरं "चित्र" म्हणालं आणि मेलं.
तिसऱ्यात सगळं होतं,
फक्त कापायला माउस लागत होता,
म्हणजे माझ्या हाताला कुणाचा तरी हात.

टेपवर गंगव्वा कुंभारीण.
मडकं कसं घ्यावं ते सांगते आहे:
"रंगाला भुलू नका बाई. बोटानं ठोका.
भाजलेलं असलं तर ठण्ण म्हणतं,
तडा असला तर ठप्प.
उत्तर न देणारं मडकं फुकट दिलं तरी घेऊ नये."
बोलते मराठीत, मोजते कन्नडात,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि मधे कुठं उंबरा लागला
हे तिच्या पायाला कळत नाही.

चौथं फुकटचं. शिवलीला म्हणते,
"दिसायला अगदीच हे आहे, अण्णा."
मी कळ दाबली.
"निवड सुरू. दोन मिनिटं चौदा सेकंद."
अजून एक.
"निवड संपली. दोन मिनिटं पंधरा."
आवाज हिंदी वळणाचा, 'ळ'ला अडखळणारा,
कन्नड नाव आलं की चक्क गिळून टाकणारा,
म्हणून फाइलींना आता मी आकडेच देतो.
पण ठोकलं की बोलतो.

संध्याकाळी दुकानदाराचा फोन.
"मग? महागातलं पाठवू की नको?"
मी म्हणालो, ते ठप्प वाजलं.
त्याला काही कळलं नाही.

रात्री नऊला प्रसारण, अजून वीस सेकंद जास्त आहेत.
शिवलीला खुर्ची ओढते, चाक कुरकुरतं.
"हे घे की, मराठी संपून कन्नड सुरू होते तिथं,
सरळ रेघ आहे, काहीच नाही, काप."
मी हेडफोनचा एक कान तिच्याकडे देतो.
काहीच नाही कसं?
तिथं ती दुसरं मडकं उचलते आहे.