दोन थाऊ

गंगापूर रोडला, जिमच्या खाली तळघर.
वर कुणी डंबेल टाकलं की छतातून धूळ
ड्रमवर बसते, आणि किमया पगारे
पुढच्या ठोक्याला ती उडवून लावते.
पंचवीस खुर्च्या, दोन मोडक्या. मी तिसऱ्या रांगेत,
भाचीच्या तिकिटावर; तिला ऐनवेळी ताप आला.
मला वाटलेलं, गझल वगैरे असेल.

बास घेतलेला इक्बाल कोकणी
भिंतीशी बोलत असल्यासारखा उभा.
माउथ ऑर्गनवाले डॉक्टर हिरे, होमिओपॅथीचे,
श्वास सोडताना वाजवतात, घेतानाही सोडत नाहीत.
आणि मधोमध, प्लास्टिकच्या स्टुलावर, गिटार घेऊन
शांतवन मकासरे.

आमच्या टूलरूमचा.
अंबडच्या कारखान्यात, लेथ नंबर सात.
एकवीस वर्षांत माझ्याशी बोलला असेल
चाळीस वाक्यं, त्यातली तीस
‘ठेवू का मॅडम?’ एवढीच.

मी इन्स्पेक्शनला. बुशमध्ये गेज घालायचं:
‘गो’चं टोक आत गेलं पाहिजे,
‘नो-गो’चं जाता कामा नये.
जगात दोनच प्रकारचे तुकडे.

दुसरं गाणं संपल्यावर खुंट्या पिळत तो म्हणाला,
आम्ही शरणपूरचे. तिथं मिशनात कधीकाळी
आफ्रिकेतली पोरं राहायची,
गलबतांवरून सोडवून आणलेली.
रात्री काय गात असतील, कुणी लिहून ठेवलं नाही.
एवढंच. मग जाड तार
अजून थोडी ढिली केली
आणि करंगळीत एक नळी चढवली.

ती तारेवरून घसरू लागली तेव्हा
आवाज सुरावर थांबेना.
आम्हाला पेटीच्या क्लासला
कोमल गंधार, शुद्ध गंधार शिकवलेला,
काळी पट्टी, पांढरी पट्टी.
हा त्या दोघांच्या फटीत
बोट घालून बसला, दार लागू देईना.

एक गाणं मराठीत, त्याचंच.
ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची,
जणू पहिल्यांदा कुणी ऐकलंच नाही,
आणि तिसरीत काय ते सांगून टाकायचं:

पाळी सुटली पहाटे, घरात दिवा नव्हता
हो, पाळी सुटली पहाटे, घरात दिवा नव्हता
कुलूप ओळखीचं होतं, माझा चेहरा नव्हता

मागून कुणीतरी ‘आहा’ म्हणालं. मी नाही.
मी नळीकडं बघत होते.
दिव्याखाली ती फिरली, आणि कडेला
लाल रंगाचा फराटा दिसला.
माझा. मी डावखुरी,
माझ्या फराट्याचं शेपूट वर जातं.

ते बुश मी नापास केलं होतं. भोक दोन थाऊ मोठं.
थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग;
दोन थाऊ म्हणजे केसाहून बारीक चूक.
का म्हणून त्यानं विचारलं नव्हतं.
‘नेऊ का मॅडम?’ म्हणाला होता.
तेव्हा लक्षात आलं नाही,
क्रियापद बदललं होतं.

शेवटी दिवे लागले. डॉक्टर दम्याच्या कुणा पेशंटला
तिथंच गोळ्या देत होते.
शांतवन कॉटन वेस्टनं नळी पुसत होता,
मला बघून उठून उभाच राहिला.
‘ऑडिट आहे का, मॅडम?’
मी हात पुढं केला.
नळी गरम होती. माझ्या करंगळीत ढिली.
‘मापाचं असतं तर अडकलं असतं,’ तो म्हणाला.
मी हिशेब ठेवला: एकेचाळिसावं.

सकाळी पहिल्याच लॉटमध्ये चौथा तुकडा,
‘नो-गो’ अलगद आत गेलं.
ब्रश हातात घेऊन मी जरा थांबले.
मग फराटा मारला. काम ते काम.
फक्त भंगाराच्या पेटीत टाकताना
तो वाजला कसा, ते ऐकलं.
सात नंबरचं लेथ
तेवढ्यापुरतं बंद होतं.