फाईलवरचा नंबर

रात्री पावणेदोनला फोन. मस्कतहून.
कौसाबाई, कुणाचा तरी मोबाईल मागून.
"फाईलवर तुझाच नंबर हाय रं.
इथं दोन पाट्या. कोन्त्या रांगंत उभी ऱ्हाऊ?"

सेलूत झेरॉक्सचं दुकान माझं.
तिचा व्हिसा मीच छापला, रंगीत, वीस रुपये.
परभणीच्या पुढं मी गेलेलो नाही.

"पाटीवर काय आहे?"
"एकीवर बाण, खुरप्यावानी वाकडा.
दुसरीखाली नुस्ती गर्दी."

पोचल्यावर व्हिसा, की व्हिसा घेऊनच पोचायचं,
नियम मलाही अर्धाच ठाऊक.
म्हणालो, खुरपं धरा.
फोन कटला.

सकाळी शटर वर केलं.
तिच्या लेकीचा अजून निरोप नाही.
मशीन गरम होईस्तोवर
माझ्याच पाटीकडं बघत राहिलो:
बाण नाल्याकडं,
दुकान डावीकडं.