चारास एक

चार वाट्या पाणी, एक वाटी साखर.
उकळायचं, झाकायचं, गार होऊ द्यायचं.
गूळ नको, मध नको,
रंग तर मुळीच नको.
चौतीस वर्षं सिव्हिलला काढली मी,
डोस म्हणजे डोस.

बाटली जुनी, काचेची, सलाईनची,
स्टोअरच्या भंगारातून मागून आणलेली.
लाल रबरी बूच, त्याला तीन भोकं.
कडुनिंबाच्या खालच्या फांदीला उलटी टांगली
तेव्हा हात आपोआप नळीवरचं चाक शोधायला गेला,
मिनिटाला किती थेंब ते बघायला.

शिंजीर काही आला नाही.
येणार कसा?
माघ चालू, पथाऱ्यांवर मिरची वाळत होती
एकरच्या एकर.
वरून बघणाऱ्याला अख्खं नंदुरबार लाल,
त्यात माझं बूच केवढं, रुपयाएवढं.
पहाटे ठसका लागून उठायची
आणि वाटायचं, तिकडे एखादा बिचारा
वाकडी चोच घेऊन
ढिगावर फूल धुंडत असेल,
शिंकत असेल.

कुंपणावरून द्वारकाबाई विचारायची,
"सिस्टर, पाखरू उनं का?"
"नाही उनं."
"मंग मुंग्यासनी चैन शे."

चैनच होती. रांग लावून यायच्या, ओपीडीसारख्या.
मग तारेच्या मधोमध
खोकल्याच्या औषधाची टोपी अडकवली, पाण्याने भरून.
मुंगी काठावर येते,
थांबते,
आणि आल्या वाटेने परत जाते.
हे बघण्यात माझ्या किती दुपारी गेल्या
सांगत नाही.

फाल्गुनात पथाऱ्या उठल्या, जमीन पुन्हा मातकट झाली.
तिसऱ्या दिवशी, सकाळी सात वीसला
(वेळ लिहून ठेवायची सवय जात नाही)
अंगठ्याएवढं काहीतरी आलं.
सावलीत काळं, उन्हात आलं की जांभळं,
मान वळवली की मोरपिशी.
फांदीला उलटं लोंबकळून
बुचात चोच घातली.
मी चहा हातात तसाच धरून
नळ चालू ठेवून उभी.

पुढे ऊन तापलं. चव्वेचाळीस.
सकाळचं पाणी संध्याकाळी आंबायचं.
रोज उतरवायची बाटली, गरम पाणी, बारीक ब्रश,
साबण नाही.
बुचाच्या आतल्या कडेला काळं धरतं,
ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं.

आणि मग भाचीचं लग्न आलं, तळोद्याला.
चार दिवस.

परतले तर बाटलीत ढग,
झाडाखाली मोहाच्या दारूचा वास,
आणि तो तारेवर, पिसं फुगवून,
डोळे अर्धे मिटून.
वॉर्डात चूक झाली की रजिस्टर असतं,
वरिष्ठ असतात, खुलासा लिहून द्यावा लागतो.
इथे कोणाला लिहून द्यायचा?
बाटली ओतली. उकळत्या पाण्यात टाकली.
वर पाहिलं तर तार रिकामी.

नऊ दिवस.
द्वारकाबाईनेही विचारलं नाही.

पाचव्या दिवशी नर्सरीतून जास्वंद आणली,
काळ्या पिशवीतली, पाच कळ्या धरलेली.
बाटलीच्या बाजूलाच ठेवली, लावायचा धीर होईना.

दहाव्या दिवशी आली ती मात्र मादी.
मळकट पिवळी, बिनदागिन्याची.
ना बाटलीकडे गेली, ना फुलाकडे.
सरळ न्हाणीच्या खिडकीत, जिथे मी
महिनाभर केरसुणी फिरवली नव्हती,
तिथून जाळं ओढून नेलं, चोचभर,
पुन्हा आली, पुन्हा चोचभर.
माझ्या आळसाचं एवढं चीज
आजवर कोणी केलं नव्हतं.

आता कपड्यांच्या तारेवर एक लोंबतं घरटं आहे
कोळ्याच्या धाग्यांचं, वाळक्या पानांचं, कुणाच्या तरी केसांचं.
(पांढरे माझे.)
कपडे मी खुर्चीवर वाळवते.
एक जांभळा येतो, तोच की दुसरा,
केसपेपर नाही, सांगता येत नाही.
जास्वंदीत डोकं खुपसतो, देठाशी भोक पाडतो, उडतो.
बाटलीकडे बघत नाही.

बरोबर आहे.
डिस्चार्ज झालेला पेशंट
स्टँडकडे वळून बघतो का कधी?

तरी सकाळी चार वाट्या पाणी ठेवते.
एक वाटी साखर.
संध्याकाळी ओतून देते कुंपणाशी.
मुंग्यांनाही कळलंय आता,
तिथेच थांबतात.